टेकडीवरचे व्याही

लग्न ठरवल्याचं मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा माझा नवरा डिशवॉशर भरत होता. मी फोन स्पीकरवर टाकला. मुलगी तेव्हा मादागास्करला होती. भाताच्या खाचरातल्या मातीवर तिची पीएचडी चालली होती आणि तसली माती व्हर्जिनियात मिळत नाही. मुलगा तिथलाच, तिच्याच प्रोजेक्टवर काम करणारा. व्हिडिओ कॉलमध्ये तो कधी कधी तिच्या मागून जाताना दिसायचा आणि हात हलवायचा. त्याच्या हात हलवण्यात काही विशेष असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

"बाबा, से समथिंग ना," मुलगी म्हणाली.

"बरं," नवरा म्हणाला आणि वाट्या वरच्या खणात लावल्या.

माझा नवरा कमी बोलतो. तो अ‍ॅशबर्नमधल्या एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम बघतो. तिथे यंत्रांचा आवाज इतका असतो की बोलून उपयोग नसतो, आणि घरी आल्यावर ती सवय मोडावी असं त्याला कधी वाटलेलं नाही. मी काउंटीच्या लायब्ररीत आहे. तिथेही लोकांनी फार बोलू नये अशीच अपेक्षा असते. त्यामुळे आमच्या घरातलं बोलण्याचं खातं लहानपणापासून मुलीनेच सांभाळलं.

तिने पुढचं सांगितलं. त्यांच्याकडे मुलाकडची माणसं मुलीच्या घरी येऊन रीतसर मागणी घालतात. दोन्ही बाजूंनी भाषणं होतात. त्याला कबारी म्हणतात. भाषण चांगलं झालं नाही तर मागणी चांगली झाली नाही असं धरतात.

"मग येऊ देत की," मी म्हटलं. "गेस्ट रूम रिकामीच आहे."

"आई, त्याची आजी नव्वदीची आहे. शी इज नॉट गेटिंग ऑन अ प्लेन. तुम्हाला यावं लागेल."

"म्हणजे आम्ही मुलाकडे जायचं आणि तिथे जाऊन मुलाकडचे कधी येतात याची वाट बघायची?"

"एक्झॅक्टली," ती म्हणाली. आईला इतक्या लवकर कळलं याचा तिला आनंद झाला होता.

आम्ही जुलैत निघालो. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंना मी मादागास्कर म्हटलं तर त्या म्हणाल्या, "हो हो, मॉरिशस. तिथे आपली पुष्कळ माणसं आहेत." मी म्हटलं, त्याच्या शेजारचं, मोठं बेट. त्या म्हणाल्या, "तेच ते." अजूनही त्या भेटल्या की मॉरिशसचे जावई कसे आहेत म्हणून विचारतात. मी बरे आहेत म्हणून सांगते.

अंतानानारिव्होला उतरलो तेव्हा थंडी होती. आमच्या बॅगेत उन्हाळी कपडे होते, कारण आफ्रिका म्हटल्यावर मी तसेच भरले होते. मुलगी विमानतळावर आली होती. तिच्याबरोबर तो होता. समोरून तो उंच निघाला. त्याने वाकून आम्हाला नमस्कार केला आणि "प्रवास कसा झाला, काकू?" असं सावकाश, एकेक शब्द ठेवत विचारलं. माझ्या मुलीने त्याला एवढंच मराठी शिकवलं होतं. मी उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही, पण त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीने त्याच्या गावाकडे निघालो. माती कोकणातल्यासारखी लाल, हवा महाबळेश्वरची, आणि खाली दरीत जिथे सपाटी मिळेल तिथे भाताची खाचरं. घरं विटांची, उंच आणि अंगाने बारीक, वर लाकडी गॅलऱ्या. गाव एका टेकडीच्या माथ्यावर होतं. फार पूर्वी तिथे एक राजा राहत होता. टेकडीवरून जेवढं दिसेल तेवढं त्याचं राज्य, असं मुलाने सांगितलं. दिसत पुष्कळ होतं. टेकडीभोवती खोल खंदक होता, त्यात आता केळी आणि रताळी लावलेली. खंदकाच्या आत दगडी वेस.

"पडकोट," नवरा म्हणाला. तो सांगलीचा. कॉलेजात असताना किल्ले चढायचा. सकाळपासून तो बोललेला हा पहिला शब्द होता.

वेशीला दार नव्हतं. बाजूला भिंतीला टेकवून एक गोल दगड उभा होता, जात्याच्या तळीसारखा, पण माणसापेक्षा उंच. शत्रू आला की पुष्कळ माणसं मिळून तो दगड ढकलत वेशीत आणायची आणि वाट बंद करायची. नवऱ्याने दगडाला हात लावून पाहिला, खाली वाकून तो कशावर सरकतो ते पाहिलं, आणि मान हलवली. आम्ही आत जाणार तेवढ्यात मुलाने हात आडवा केला आणि माझ्या मुलीला काहीतरी विचारलं. तिने ते मला विचारलं.

"आई, बॅगेत पोर्क नाही ना? कांदा? गार्लिक?"

या टेकडीवर डुक्कर, कांदा आणि लसूण न्यायला मनाई होती. राजाच्या वेळेपासूनची. पूर्वजांना चालत नाही. अशा मनाईला तिथे फादी म्हणतात आणि ती मोडली तर पुढे जे काही वाईट घडेल ते तुमच्यामुळे घडलं असं समजतात.

"चातुर्मास आहे म्हण," नवरा म्हणाला.

मी बॅग खाली ठेवून उघडली. माझ्या बॅगेत विहीणबाईंसाठी लसणाच्या चटणीचा मोठा डबा होता. अ‍ॅशबर्नच्या घरात मी तो स्वतः कुटून केला होता, आणि लसूण हाताने सोलला होता, कारण सोललेल्या तयार लसणाला वास राहत नाही. कपड्यांना वास लागू नये म्हणून डब्यावर तीन पिशव्या होत्या. त्या काढताना सगळे बघत उभे राहिले. वास आला. मुलगा एक पाऊल मागे सरकला. मुलगी म्हणाली, "आई, आय सेड नो फूड गिफ्ट्स." शेवटी डबा गाडीच्या ड्रायव्हरकडे खालीच ठेवला. आम्ही परत येईपर्यंत सांभाळतो म्हणाला. चार दिवसांनी त्याने तो डबा घासून, पुसून परत दिला आणि अजून आहे का म्हणून विचारलं.

मुलाची आजी वेशीच्या आत, मोठ्या उंबरासारख्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. बारीक, ताठ, अंगावर पांढरी शाल आणि डोक्यावर गवताची हॅट. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्या मुलीशी बोलायला लागली. मुलगी तिला उत्तरं देत होती, मधे हसत होती, एकदा तर तिने आजीचं काहीतरी खोडून काढलं. आमच्याशी मराठी बोलताना दर दोन शब्दांनी इंग्रजीत शिरणारी माझी मुलगी त्या भाषेत भांडूही शकत होती.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"म्हणताहेत, तू बारीक आहेस. भात खात नाहीस का?"

भात आम्ही त्यानंतर खाल्ला. सकाळी पातळ, दुपारी मोकळा, संध्याकाळी पुन्हा मोकळा. जेवण झाल्यावर भाताच्या पातेल्याच्या तळाला लागलेल्या खरपुडीवर पाणी घालून ते उकळायचं आणि तेच पाणी सगळ्यांना प्यायला द्यायचं. नवऱ्याला ते आवडलं. त्याने दोनदा मागून घेतलं, त्यामुळे घरातल्या बायकांचं त्याच्याबद्दल चांगलं मत झालं.

मागणी घालायला मुलीचं घर पाहिजे आणि आमचं घर अ‍ॅशबर्नला. म्हणून गावाने दोन दिवसांसाठी आम्हाला घर दिलं. मुलाच्या घराच्या अंगणापलीकडचं, शेजाऱ्यांचं. शेजारी त्यांच्या भावाकडे राहायला गेले. हे आता तुमचं घर, असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि इथे मोकळेपणाने वावरा, म्हणजे ते लोक आले की त्यांना पाहुण्यासारखं वाटेल. आम्ही वावरलो. कप कुठे आहेत ते सापडेना. मुलाने घर दाखवताना सांगितलं की ईशान्येचा कोपरा पूर्वजांचा, तिथे प्रार्थना करायची, तिकडे पाय करून झोपायचं नाही. मी मान डोलावली. अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरात ईशान्येला वॉटर हीटर आहे. ते मी तिथे काढलं नाही.

मुलीच्या बाजूने बोलायला कोणीतरी पाहिजे. आमच्या बाजूचा म्हणून जो वक्ता ठरला होता तो मुलाचा सख्खा मामा होता.

"तो आपल्या बाजूने कसा बोलेल?" मी मुलीला विचारलं.

"आई, ही इज व्हेरी प्रोफेशनल."

मामा निवृत्त शाळामास्तर होते. मागणीच्या आदल्या दिवशी दुपारी ते आम्हाला भेटायला आले, आमच्याच घरात आमच्यासमोर बसले आणि मुलीची माहिती विचारू लागले. मुलगी स्वतःच दुभाष्याचं काम करत होती.

"स्वयंपाक येतो का, विचारताहेत," ती म्हणाली.

"नाही," नवरा म्हणाला.

"बाबा!"

"विचारलं म्हणून सांगितलं."

तिने मामांना काय सांगितलं कोण जाणे, पण ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, मुलाकडून तुमची काय अपेक्षा आहे? नवरा म्हणाला, काही नाही. हे मामांना पटलं नाही. असं म्हटलं तर समोरच्यांना संशय येईल, मुलीत काहीतरी खोट आहे म्हणून हे कशालाही तयार आहेत असं वाटेल, असं ते म्हणाले. निदान नाखूश तरी दिसा, असा त्यांनी सल्ला दिला. नवऱ्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या घरी सगळ्यांनी मिळून चहा घेतला. मुलाची आई, वडील, काका, मामा, आजी, आम्ही. नंतर मामांना घेऊन आम्ही अंगण ओलांडून आमच्या घरी आलो आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तेच लोक ठेवणीतले कपडे घालून अंगण ओलांडत आले आणि त्यांनी दार वाजवलं. मामांनी ते लगेच उघडलं नाही. कोण आहे, कुठून आलात, काय काम आहे, असं त्यांनी आतूनच विचारलं. बाहेरून त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याच्या भावाने, म्हणजे मुलाच्या काकांनी, उत्तरं दिली. मामांना ती पुरेशी वाटली नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं.

शेवटी सगळे आत आले, चटयांवर बसले, आणि काका बोलायला उभे राहिले. उंच गृहस्थ, आवाज कसलेला. भाषणाच्या सुरुवातीला माफी मागायची पद्धत आहे. आपल्यापेक्षा मोठी माणसं बसलेली असताना आपण उभे राहिलो याची माफी, शहाणी माणसं गप्प असताना आपण बोलतो याची माफी, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं तर त्याची, आणि नको त्या क्रमाने घेतलं तर त्याचीही. उन्हाची तिरीप चटईवरून सरकत माझ्या पायापर्यंत आली.

"आता काय म्हणताहेत?" मी हळूच विचारलं.

"स्टिल अपॉलोजायझिंग," मुलगी म्हणाली.

मग मामा उठले. त्यांनीही माफी मागितली, काकांपेक्षा थोडी जास्त. नंतर त्यांनी आमच्या मुलीचं वर्णन केलं. ते मुलीने आम्हाला भाषांतर करून सांगितलं नाही, फक्त मान खाली घातली. समोरच्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. स्वयंपाकाबद्दल बोलणं झालं असावं.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. मग काकांनी भेट पुढे केली. मुलीच्या आईवडिलांना मेंढीचा मागचा भाग देण्याची तिथे जुनी रीत आहे. हल्ली कोणी खरी मेंढी देत नाही, त्याऐवजी पैसे देतात, पण आजीच्या आग्रहामुळे यांनी खरी आणली होती. केळीच्या पानावर, स्वच्छ कापडाखाली. कापड काढलं गेलं. मी शाकाहारी आहे, आणि आदल्या दिवशी माहिती विचारताना मामांना ते कळलं होतं. मी कापडाकडे बघत राहिले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मेंढीकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला शाळामास्तर जागा झाला. ते पुन्हा उभे राहिले. या वेळी माफी अगदी थोडक्यात होती. समुद्रापलीकडून आलेल्या या कुटुंबाच्या घरी मांस शिजत नाही, हे तुम्हाला माहीत नाही? ज्या घरातली मुलगी मागायला आलात ते घर काय खातं एवढंही तुम्ही विचारलं नाही? मग मुलीची काळजी काय घेणार? मुलगी हे मला भराभरा सांगत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"आई, ही इज गेटिंग कॅरिड अवे. डू समथिंग."

"अगं पण मी काही म्हटलंच नाही. तुझे बाबा तर मटण खातात."

"डोन्ट टेल देम दॅट नाऊ!"

समोर मुलगा रुमालाने मान पुसत होता. त्याच्या आईने स्वतःच्या भावाकडे अशा नजरेने पाहिलं की मला तिच्याबद्दल जवळीक वाटली. मेंढी झाकून बाहेर नेण्यात आली आणि त्यांच्या घरून नव्या तांदळाचं एक पोतं आणून आमच्यासमोर ठेवलं गेलं. मामा बसले. त्यांचं समाधान झालं होतं. काकांचं झालं नव्हतं. चारचौघांत, आणि तेही घरच्याच माणसाकडून, त्यांना ऐकून घ्यावं लागलं होतं. ते पुन्हा उठले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

मामा वळून आमच्याकडे बघायला लागले. त्यांच्याबरोबर सगळी खोली आमच्याकडे बघायला लागली.

"काय विचारलं?" नवऱ्याने विचारलं.

मुलगी म्हणाली, "विचारताहेत, तुमची कबर कुठे आहे."

त्या मुलखात प्रत्येक घराण्याची एक कबर असते. दगडी, अर्धी जमिनीखाली, आत फळ्यांसारखे दगडी कप्पे, त्यावर कापडात गुंडाळलेले पूर्वज. माणूस कुठेही राहो, मेल्यावर तिथे आणतात. राहायचं घर साधं असलं तरी चालतं, कबर भक्कम लागते. आणि लग्न ठरवताना मुलगी पुढे कोणाच्या कबरीत जाणार, नवऱ्याच्या की वडिलांच्या, हे आधीच बोलून घेतात. आमची कबर कुठे हे मामांनी आदल्या दिवशी विचारलं नव्हतं. ती असणारच असं त्यांनी धरलं होतं.

नवरा उभा राहिला. भाषण करायला तो कधी उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. मंडळात त्याला स्टेजवर बोलावलं की तो माइक तपासायला आलाय असं लोकांना वाटतं.

"आमची कबर नाही," तो मराठीत म्हणाला. "आम्ही जाळतो."

मुलीने ते सांगितलं. कोणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला. आजीने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि आता तीच विचारायला लागली. काकांनी तिला बोलू दिलं.

"जाळल्यावर काय करता?"

"राख नदीत सोडतो."

"कुठल्या नदीत?"

"माझ्या वडिलांची कृष्णेत. सांगलीला, घाटावर."

"आणि त्यांच्या वडिलांची?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

हे मुलीने फार हळू आवाजात सांगितलं. मग आजी जे म्हणाली ते मुलीला आधी मराठीत नीट सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, "त्या म्हणताहेत, मग त्यांना बोलवायचं असेल तर कुठे बोलवता? त्यांनी यायचं कुठे?"

"वर्षातून एकदा पान वाढून बाहेर ठेवतो," नवरा म्हणाला. "कावळा येतो. तो जेवला की ते जेवले."

मुलीने हे कधी पाहिलं नव्हतं. तिने दोनदा खात्री करून घेतली, "कावळा म्हणजे क्रो, राइट?" आणि मग सांगितलं. खोलीतलं वातावरण जरा सैल झालं. म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. आजी म्हणाली, कावळे इथेही आहेत. हे खरं होतं. गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेले कावळे मी सकाळीच खंदकात पाहिले होते.

"आणि अमेरिकेत? तिथे येतो कावळा?"

इथे माझ्या नवऱ्याने हो म्हटलं असतं तर प्रकरण संपलं असतं. मी त्याच्याकडे बघून तसं सुचवलंही. पण त्याला विचारलं की तो आहे ते सांगतो.

"नाही," तो म्हणाला. "आम्ही डेकवर पान ठेवतो. खार येते."

खार मादागास्करमध्ये नाही. मुलीला शब्द माहीत नव्हता, कारण त्या भाषेत तो नसावा. तिने मुलाकडे पाहिलं. तो हताशपणे म्हणाला, काहीही सांग. मग तिने सांगितलं, मोठ्या शेपटीचा उंदीर येतो आणि ते जेवण खाऊन जातो.

कोणी हसलं नाही. काकांनी खाली पाहिलं. मेंढीवरून झालेला अपमान ते विसरलेले दिसत होते. कोणाच्याही वडिलांचं जेवण उंदराने खावं असं त्यांना वाटत नव्हतं. माझा नवरा तसाच उभा होता, हात मागे बांधून, कंपनीच्या ऑडिटच्या वेळी उभा राहतो तसा. त्याच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीमुळे तो अंत्यविधीला पोचू शकला नव्हता. घाटावर मोठे दीर गेले होते. हे तो कधी बोलत नाही आणि आताही बोलला नाही, पण मला ते दिसलं, आणि मी उठून त्याच्या शेजारी उभी राहिले. तसं करायची रीत आहे का, मला माहीत नव्हतं.

आजी काकांशी काहीतरी बोलली. मग मुलाच्या वडिलांशी. त्यांनी होकार दिला. मग ती आमच्याकडे वळून बोलली आणि माझी मुलगी भाषांतर सोडून मुलाकडे बघायला लागली.

"सांग की," मी म्हटलं.

"त्या म्हणताहेत, आमच्या कबरीत जागा आहे." तिने घसा साफ केला. "तुमच्या दोघांसाठी पण. इफ यू वॉन्ट. त्या म्हणताहेत, उत्तरेच्या बाजूचा कप्पा रिकामा आहे."

इतकी मोठी गोष्ट आजवर मला कोणी देऊ केली नव्हती. नवरा म्हणाला, "आभार सांग त्यांना." मग जरा थांबून, "आत पाणी येतं का पावसाळ्यात?"

"बाबा, आय अ‍ॅम नॉट ट्रान्सलेटिंग दॅट."

पण मुलाने ते ओळखलं असावं, कारण त्याने स्वतःच विचारलं. काका म्हणाले, येत नाही, उतार पश्चिमेला आहे. नवऱ्याने मान हलवली.

राहिला प्रश्न मुलीचा. मामा सावरले होते. ते उठले, थोडी माफी मागितली आणि म्हणाले की या बाबतीत मुलीलाच विचारावं. मुलगी नव्या हिरव्या साडीत बसली होती. साडी मी नेसवली होती आणि पिनांनी धरून होती. तीस वर्षांची होत आलेली, तीन देशांत राहिलेली माझी मुलगी. मेल्यावर कुठे जाणार, असं तिला याआधी कोणी विचारलेलं नव्हतं. तिने मुलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या भाषेत एक वाक्य बोलली.

आजी खूश झाली. काकाही खूश झाले. सगळे एकदम बोलायला लागले, दार उघडलं, बाहेर चुलीवरची पातेली उतरवल्याचा आवाज आला. म्हणजे मागणी मान्य झाली होती.

"काय म्हणालीस तू?" मी विचारलं.

"आय सेड, मी विचार करून सांगते."

मुलीने घाईने उत्तर दिलं नाही याचं तिथे फार कौतुक झालं. मामांनी ते आपलं यश मानलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांनी आम्हाला कबर दाखवायला नेलं. टेकडीच्या उतारावर, राजाच्या जुन्या वाड्याच्या भिंतीपासून थोडी खाली. करड्या दगडाची, चौकोनी, समोर बुटकं दगडी दार. ते एरवी उघडत नाहीत. काही वर्षांनी पूर्वजांना बाहेर काढून नवं कापड गुंडाळतात, तेव्हाच उघडतात. कबरीकडे बोट दाखवायचं नसतं, म्हणून मुलाच्या वडिलांनी बोट दुमडून, मुठीनेच दाखवलं. नवऱ्याने सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. खालच्या खाचरांत माणसं गुडघाभर चिखलात काम करत होती. त्या चिखलासाठीच माझी मुलगी इथवर आली होती.

"कसं आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"बांधकाम चांगलं आहे."

लग्न पुढच्या वसंतात झालं. लीसबर्गच्या कोर्टात, आणि मग मंडळाच्या हॉलमध्ये. आता दोघं टेक्सासमध्ये अर्विंगला राहतात. तिला तिकडे नोकरी लागली. स्वयंपाक तो करतो. कबरीचं तिने अजून काही सांगितलेलं नाही.

मागणीहून आम्ही परतलो त्याच आठवड्यात नवऱ्याने सांगलीला मोठ्या भावाला फोन लावला. एरवी तो फोन मी लावते आणि शेवटी त्याच्या हातात देते, आणि तो "बरं आहे, ठेवतो" म्हणतो. त्या दिवशी त्याने स्वतः लावला. विचारलं, आजोबांची राख कुठे सोडली होती?

"तुला आता हे कशाला हवंय?" दिरांनी विचारलं. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. व्याह्यांनी विचारलंय."

मग दीर सांगायला लागले. आजोबांचं वाडीच्या संगमावर झालं होतं. त्यांच्या वडिलांबद्दल नक्की माहीत नव्हतं, पण दिरांना चुलत्याकडून ऐकलेलं आठवत होतं, आणि जे आठवत नव्हतं ते विचारायला त्यांनी दुसऱ्या फोनवरून एका आत्याला गाठलं. दोन भाऊ, मधे आत्या, असं ते बराच वेळ चाललं होतं. मी कोथिंबीर आणायला दुकानात जाऊन आले तरी ते बोलतच होते. नवरा डेकवर येरझाऱ्या घालत होता आणि मोठ्याने हसत होता. शेजारच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

आत आल्यावर तो म्हणाला, "ते लोक मूळचे सांगलीचे नाहीतच. कोकणातून वर आलेत."

"कोण लोक?"

"आपण," तो म्हणाला आणि मुलीला फोन लावायला गेला.